कोरेगावचा स्तंभ दुसरीकडे असता तर?

१

इतिहासात 'जर-तर'ला स्थान नाही, असे आपण वर्गात शिकवतो. परीक्षेपुरते ते ठीक आहे. पण ज्या समाजाचा इतिहास आजवर इतरांनी लिहिला, त्याला हा प्रश्न टाळून चालत नाही. जे घडले ते अटळच होते, असे एकदा मान्य केले की गावकुसाबाहेरचे घरही अटळ ठरते, मेलेले ढोर ओढणेही अटळ ठरते, आणि ज्यांनी ते लादले ते अलगद सुटतात. 'असे झाले नसते तर काय झाले असते?' हा प्रश्न म्हणून केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. जे झाले ते कोणाच्या इच्छेने झाले, कशामुळे झाले आणि त्यात आपला स्वतःचा वाटा किती, हे तपासण्याचे ते एक साधन आहे.

हे साधन प्रस्तुत लेखात भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभाला लावून पाहावयाचे आहे. दर वर्षी १ जानेवारीला तेथे लाखो लोक जातात. आमच्या बारामती तालुक्यातील पिंपळीहून, शेजारच्या काटेवाडीहून, पलीकडे इंदापूर तालुक्यातील सणसरहून लोक टेम्पो ठरवून, कोणी एस.टी.ने, कोणी दोनचाकीवर जातात. जाताना दगडाला वंदन करतात आणि परत येताना पुस्तके, दिनदर्शिका, बाबासाहेबांची तसबीर घेऊन येतात. तो स्तंभ तेथे आहे आणि आपण तेथे जातो, एवढे आपल्याला पुरेसे वाटते. पण तो तेथे का आहे? दुसऱ्या कोठे असता तर आपण तेथे गेलो असतो का? कोणी आपल्याला जाऊ दिले असते का?

सुरुवातीलाच एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. आपण ज्याला कोरेगावचा स्तंभ म्हणतो तो कोरेगावात नाही. पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की वाघोली आणि लोणीकंद मागे पडतात, पेरणे फाटा येतो आणि भीमा नदीच्या अलीकडेच स्तंभ दिसतो. पूल ओलांडला की मग कोरेगाव. स्तंभ पेरणे गावच्या हद्दीत, हवेली तालुक्यात आहे. कोरेगाव भीमा नदीपलीकडे, शिरूर तालुक्यात आहे. माणसे मेली त्या काठावर आणि त्यांची नावे कोरली गेली या काठावर. म्हणजे हा स्तंभ मुळातच थोडा 'दुसरीकडे' आहे. त्यामुळे तो आणखी दूर असता तर काय झाले असते, हा प्रश्न वाटतो तितका अद्भुत नाही.

२

प्रथम लढाईची जागा. ती कोणी ठरवलेली नव्हती.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्यानंतर पंधरवड्याच्या आतच दुसऱ्या बाजीरावाने पुणे सोडले. जनरल स्मिथची फौज त्याच्या मागावर होती. माहुली, पंढरपूर, तेथून वळून उत्तरेला जुन्नरकडे असा त्याचा प्रवास झाला. डिसेंबरच्या अखेरीस तो पुन्हा पुण्याच्या रोखाने खाली उतरला. पुण्यात कर्नल बर याच्याजवळ थोडी फौज होती. शहरावर हल्ला होईल या धास्तीने त्याने शिरूरच्या छावणीकडे मदत मागितली.

शिरूरहून कॅप्टन स्टाँटन ३१ डिसेंबरच्या रात्री आठच्या सुमारास निघाला. त्याच्याबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन होती, म्हणजे सुमारे पाचशे पायदळ शिपाई. शिवाय अडीचशे-तीनशे घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. एकूण आठशे चौतीस माणसे. रात्रभर चालून, पंचवीस मैलांहून अधिक अंतर तोडून, सकाळी दहाच्या सुमारास ती भीमेजवळ पोहोचली, तेव्हा पलीकडच्या काठावर पेशव्याची फौज पसरलेली दिसली. त्या फौजेचा आकडा सुमारे अठ्ठावीस हजार सांगितला जातो. प्रत्यक्ष गावावर चालून गेलेले त्यांपैकी दोनएक हजार होते आणि त्यात अरबांचा भरणा मोठा होता. नदी ओलांडणे अशक्य होते, म्हणून स्टाँटनने अलीकडच्या काठावरील कोरेगावचा आसरा घेतला. गावाला मातीचा कोट होता, घरे होती, आडोसा होता. दिवसभर गल्लीबोळांतून हातघाईची लढाई झाली. आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नाही, दिवसभर पाणी नाही, अशा अवस्थेत ते शिपाई रात्रीपर्यंत लढले. कंपनीची २७५ माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. जनरल स्मिथ येत असल्याची वार्ता लागताच पेशवा निघून गेला. स्टाँटनही पुण्याला गेलाच नाही. २ जानेवारीच्या रात्री जखमींना घेऊन तो पुन्हा शिरूरकडे फिरला.

आता येथे 'जर-तर' लावून पाहा. बरचे पत्र एक दिवस आधी पोहोचले असते, तर ही बटालियन न लढताच पुण्यात दाखल झाली असती आणि स्तंभाचा प्रश्नच उद्भवला नसता. पेशव्याची फौज आणखी तीन-चार कोस पुढे सरकलेली असती, तर लढाई लोणीकंदला किंवा वाघोलीला झाली असती. वाघोली २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत गेली. तेथे स्तंभ असता तर आज तो इमारतींच्या आणि दुकानांच्या दाटीत शोधावा लागला असता. पेशवा जुन्नरकडून पुण्याकडे वळलाच नसता, तर कोरेगाव हे भीमाकाठच्या शेकडो गावांपैकी एक राहिले असते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. ती भूमी मुळातच पवित्र होती म्हणून तेथे काही घडले, असे नाही. रात्रीची चाल, नदीचे पाणी आणि मातीचा एक कोट यांच्या योगायोगाने लढाई तेथे झाली. आपण बुद्धाचा कार्यकारणभाव मानणारे लोक आहोत. भूमीला आपोआप पावित्र्य असते ही कल्पना आपली नव्हे. ती तीर्थक्षेत्रे मांडून बसलेल्यांची आहे.

३

लढाईची जागा योगायोगाने ठरली, पण स्तंभाची जागा कोणी तरी ठरवली. ती कंपनी सरकारने ठरवली. २६ मार्च १८२१ रोजी पायाभरणी झाली आणि चौथऱ्यावर साठ-पासष्ट फुटांचा दगडी स्तंभ उभा राहिला. हेतूविषयी भ्रम नको. नव्याने जिंकलेल्या मुलखात, पेशव्याच्या राजधानीकडे जाणाऱ्या वाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने पाहावे की आता राज्य कोणाचे आहे, हा तो हेतू. स्तंभावरील मजकूर ब्रिटिश सैन्याचा गौरव करतो. आपल्या मुक्तीविषयी त्यात एक अक्षर नाही. ज्या बाजीरावाविरुद्ध हे शिपाई लढले, त्याला कंपनीने वर्षाला आठ लाख रुपयांची नेमणूक देऊन बिठूरला आरामात बसवले. ही व्यवहाराची बाजू आपण विसरता कामा नये.

पण कंपनीला हा स्तंभ दुसरीकडेही उभारता आला असता. निदान तीन जागा सहज सुचतात.

पहिली जागा शिरूर. बटालियन तेथून निघाली आणि तेथेच परतली. छावणी तेथे होती. स्तंभ शिरूरला असता तर काय झाले असते, याचा एक नमुना तेथेच पाहावयास मिळतो. कर्नल वॉलेस हा कंपनीचा अधिकारी १८०९ मध्ये मरण पावला. त्याची कबर शिरूरला आहे. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की आसपासचे गावकरी या वॉलेससाहेबाला 'सत्पुरुष' मानतात आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीवर ठेवतात. परकीय सेनाधिकाऱ्याचाही आपल्या लोकांनी देव केला! हिंदू समाजाची पचनशक्ती अशी दांडगी आहे. जे समजून घ्यावयाचे नसते त्याला शेंदूर फासावयाचा, नारळ फोडावयाचा, आणि मग त्याने काही विचारण्याची सोय राहत नाही. कोरेगावचा स्तंभ त्या कबरीच्या शेजारी असता, तर त्यावरची नावे वाचणारा कोणी येण्याआधी त्याचाही एखादा 'खांबदेव' झाला नसता असे कोणी सांगावे? आणि त्या खांबदेवाच्या पूजेचा मान कोणाला मिळाला असता आणि कोणाला दूर उभे केले असते, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरी जागा खडकी वा पुण्याचे लष्कर. छावणीने आपल्या समाजाला काही दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. लष्करी शाळांतून आपली पहिली साक्षर पिढी निघाली. रामजी सुभेदार तशाच शाळेत शिक्षक होते. पण छावणीला फाटक असते आणि फाटकावर पहारेकरी असतो. तेथे नोकर म्हणून आत जाता येते. सभा भरवण्यासाठी जाता येत नाही. याचाही दाखला आपल्याजवळ आहे. बाबासाहेबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. पण १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचा जन्म झाला तो महूला, कारण वडिलांची नेमणूक त्या छावणीत होती. तेथील जागा लष्कराच्या ताब्यात असल्याने ती मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट करावी लागली आणि स्मारकाची पायाभरणी व्हावयास १९९१ उजाडले. स्वतंत्र भारतात, घटनेच्या शिल्पकाराच्या जन्मस्थानाची ही कथा. मग इंग्रजी अमदानीत खडकीच्या छावणीतील एका स्तंभाजवळ अस्पृश्यांना परिषद भरवू दिली असती, ही आशा व्यर्थ आहे.

तिसरी जागा मुंबई. फोर्टातील सेंट थॉमस कॅथीड्रलच्या भिंतींवर कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या स्मृत्यर्थ बसवलेल्या संगमरवरी शिळा आजही पाहावयास मिळतात. कोरेगावच्या लढाईची अशीच एक शिळा तेथे बसली असती. अधिकाऱ्यांची नावे ठळक अक्षरांत, आणि मेलेल्या शिपायांची एका ओळीत नुसती संख्या. त्या काळची रीत तशीच होती. १८१५ ची वॉटर्लूची लढाई युरोपच्या इतिहासात केवढी मोठी मानली जाते! तेथे हजारो सामान्य शिपाई खड्ड्यांत एकत्र पुरले गेले, आणि १८२६ मध्ये जो प्रचंड मातीचा डोंगर रचून त्यावर सिंह बसवला, तो एका राजपुत्राच्या खांद्याला जखम झाली त्या जागेची खूण म्हणून. मेलेल्या सामान्य शिपायाचे नाव दगडावर कोरण्याची प्रथा सर्वत्र रूढ झाली ती पहिल्या महायुद्धानंतर. दिल्लीचे इंडिया गेट १९३१ चे आहे. त्या मानाने १८२१ चा हा स्तंभ विलक्षण म्हटला पाहिजे.

या तीन जागा मनात धरल्या की पेरणे फाट्याची जागा किती वेगळी आहे, हे ध्यानात येते. ती देवळाच्या आवारात नव्हती, छावणीच्या फाटकाआड नव्हती आणि चर्चच्या छपराखाली नव्हती. ती उघड्यावर होती. इंग्रजाने ती आपल्या दराऱ्यासाठी उघड्यावर ठेवली. पण उघड्यावरच्या वस्तूचा एक गुण असा की तिच्याजवळ कोणालाही जाता येते. चवदार तळे सार्वजनिक असूनही आपल्याला बंद होते. काळारामाचे दार बंद होते. या दगडापाशी जाण्यास मात्र कोणाची परवानगी लागत नव्हती. इंग्रजाने आपल्यासाठी म्हणून हे केलेले नाही. त्याच्या हिशेबात न बसलेली ती गोष्ट आहे.

४

आता नावांकडे वळू. स्तंभावर लढाईत पडलेल्या एकोणपन्नास जणांची नावे आहेत आणि त्यांतील बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे. 'नाक' हा महारांच्या नावापुढे लागणारा प्रत्यय. कोणी त्याचा संबंध 'नायक' शब्दाशी लावतात, कोणी 'नाग' शब्दाशी. उरलेल्या नावांत इतर जातिधर्मांचे शिपाई आहेत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ही फौज केवळ महारांची नव्हती.

या बावीस नावांचे महत्त्व समजून घ्यावयाचे तर लढाईपासून दूर, आपल्या गावात यावे लागेल. पिंपळीसारख्या गावात महाराचे काम काय होते? येसकरकी, टपाल पोचवणे, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, सारा चावडीवर आणि तेथून कचेरीत पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे. आणि या सर्वांबरोबर आणखी एक काम होते, ज्याचा आपण फारसा विचार करीत नाही. महार हा गावच्या शिवेचा राखणदार होता. कोणत्या गावाची शिव कोठे संपते, बांधाचा दगड मुळात कोठे होता, ओढा कोणत्या सालात कोठून वळला, हे त्याला पाठ असावयाचे. दोन गावांत शिवेचा तंटा उठला की त्याची साक्ष घेतली जाई. ज्याचा स्पर्श नको, ज्याची सावली नको, त्याचा शब्द मात्र जमिनीच्या वादात चालत असे!

म्हणजे पिढ्यानपिढ्या या माणसाने दगड राखले. गावाचे दगड, पाटलाचे दगड, कुणब्याच्या बांधाचे दगड. त्याचा स्वतःचा म्हणावा असा दगड मात्र कोठेच नव्हता. गावात वीरगळ होते, सतीचे दगड होते, देवळाच्या पायरीवर दात्यांची नावे होती. त्यांत 'नाक' कोठे? तो मेला की महारकीच्या वतनात त्याच्या जागी त्याचा मुलगा येई, आणि त्यापलीकडे तो जगला होता याची खूण राहत नसे. ते वतनही १९५८ च्या कायद्याने संपेपर्यंत आपल्या गळ्यात होते. माझ्या आजोबांनी येसकरकीची पाळी केली, आणि सरकारी कागदात त्यांची ओळख एका जमिनीच्या तुकड्यापुरती आहे. अशा घरांतून आलेल्या माणसाला दगडावर कोरलेल्या 'नाक' या दोन अक्षरांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

येथे आणखी एक 'जर-तर' विचारला पाहिजे आणि तो इंग्रजाला नव्हे, पेशवाईला. १७९५ मध्ये खर्ड्याची लढाई झाली. पटवर्धनांच्या सैन्यात कळंबीचा शिदनाक महार होता. त्याचा तंबू आपल्या तंबूंजवळ नको, अशी कुरबूर सरदारांत झाली आणि त्याच शिदनाकाने रणात पराक्रम केला, अशी हकीकत सांगितली जाते. खर्ड्याच्या माळावर शिदनाकाच्या नावाचा एक हातभर दगड जरी पेशवाईने उभारला असता, तर? कदाचित १ जानेवारीला आपण खर्ड्याला गेलो असतो. मराठी सत्तेच्या विजयाचा आनंद आपल्यालाही आपला वाटला असता. पण पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून फिरावे, असा पेशवाईचा दंडक होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या भाषणात जगापुढे मांडले. त्या राज्याकडून दगडाची अपेक्षा कोठून करणार? दलित परक्यांच्या स्तंभापाशी का जमतात, असे जे विचारतात, त्यांनी आधी याचे उत्तर द्यावे. आपल्यांनी एक तरी दगड उभारला होता का?

५

तरीही एक प्रश्न उरतो. तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे शिपाई पेशवाईतील जातिव्यवस्थेविरुद्ध लढले का? आनंद तेलतुंबडे यांनी २०१८ च्या सुरुवातीस या कथेला मिथक म्हटले, तेव्हा चळवळीतील अनेकांना ते लागले. पण पुराव्याच्या दृष्टीने पाहता हे मान्य केले पाहिजे की शिपाई पगारासाठी भरती झाले होते आणि हुकुमाप्रमाणे लढले. त्यांच्या मनात काय होते हे सांगणारा कागद आपल्याजवळ नाही. त्यांच्या तोंडी आपली भाषा घालणे हा इतिहास नव्हे.

पण म्हणून स्तंभ निरर्थक ठरतो का? मुळीच नाही. माझ्या मते आपण आरंभाची तारीख चुकीची धरतो. आपल्या दृष्टीने या स्तंभाचा इतिहास १८१८ मध्ये सुरू होत नाही. त्याची तयारी शंभर वर्षे होत होती. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांची नावे दगडावर कोरली त्यांच्याच नातवंडांना 'तुम्ही लढवय्ये नाही' असे सांगण्यात आले. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये, पूर्वजांच्या सेवेचा दाखला देत, थेट विलायतच्या भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. अर्ज करणाऱ्यांच्या बाजूने साक्ष द्यावयास कोणी नव्हते, तेव्हा दगड साक्षीला उभा राहिला. जो आजवर इतरांच्या दगडांची साक्ष देत आला, त्याची साक्ष दगडाने दिली.

आणि मग १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे आले. सभा झाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २० मार्चला, महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले. या दोन तारखा शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. ज्यांनी सरकारच्या रणात प्राण दिले त्यांना गावच्या तळ्याचे पाणी का मिळू नये, हा प्रश्न त्या दोन ठिकाणांना जोडतो. कोरेगावचा अर्थ स्टाँटनने ठरवला नाही आणि एल्फिन्स्टनने ठरवला नाही. तो १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबर जमलेल्या माणसांनी ठरवला. त्यानंतर पिढ्यानपिढ्या तेथे चालत, बैलगाडीने, लॉरीने गेलेल्या अनाम माणसांनी तो टिकवला. इंग्रजांनी स्तंभ उभारला. स्मारक आपण केले.

याचे प्रत्यंतर उलट बाजूनेही मिळते. पहिल्या महायुद्धात सरकारला गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडली गेली. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. म्हणजे एका अर्थाने स्तंभ खरोखरच दुसरीकडे गेला, शिपायाच्या कपाळावर बसून देशोदेशी गेला. स्वातंत्र्यानंतर तो बिल्ल्यातून काढण्यात आला. पण बिल्ल्यावरून स्तंभ गेला म्हणून १ जानेवारीची गर्दी कमी झाली नाही. सरकारने दिलेले चिन्ह सरकार परत घेऊ शकते. लोकांनी आपल्या चालण्याने मिळवलेली जागा मात्र घेता येत नाही.

याच्या शेजारी नागपूर ठेवून पाहावे. धम्मदीक्षेसाठी मुंबई होती, सारनाथ होते. बाबासाहेबांनी नागपूर निवडले आणि १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात त्या निवडीचे कारणही लोकांना सांगितले. नाग लोकांनी बुद्धधम्माचा प्रसार केला, हे ते कारण. दुसऱ्या संघटनेला डिवचण्यासाठी नागपूर निवडले, ही कुजबुज त्यांनी तेथेच खोडून काढली. कोरेगावची जागा परक्याने ठरवली आणि आपण तिला अर्थ दिला. दीक्षाभूमीची जागाही आपण ठरवली आणि अर्थही आपणच दिला. १९२७ पासून १९५६ पर्यंत समाजाने जे अंतर तोडले ते या दोन जागांमधले अंतर आहे. दुसऱ्याच्या दगडावर आपले नाव शोधण्यापासून, रिकाम्या मैदानावर स्वतः उभे राहून आपले नवे नाव सांगण्यापर्यंतचे ते अंतर आहे.

६

आज या प्रश्नाला नवे वळण लागले आहे. २०१८ च्या १ जानेवारीला, द्विशताब्दीच्या दिवशी, स्तंभाकडे जाणाऱ्या लोकांवर दगडफेक झाली, वाहने जळाली, एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला. उघड्यावरच्या जागेची ही दुसरी बाजू आहे. छावणीत स्तंभ असता तर तेथे दंगल झाली नसती, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण मग तेथे आपणही नसतो.

त्या सालापासून स्तंभाभोवती दर वर्षी मोठा बंदोबस्त असतो, कठडे असतात, वाहनतळ दूर असतो, रांगा असतात. २०२१ मध्ये साथीच्या काळात तर गर्दीला मज्जावच होता. लोकांच्या सुरक्षिततेसाठी व्यवस्था हवीच, तिला कोणाचा विरोध नाही. तथापि एका धोक्याकडे कार्यकर्त्यांनी लक्ष ठेवले पाहिजे. ज्या जागेचे वैशिष्ट्य तिचा खुलेपणा, ती हळूहळू फाटकाआड जाऊ नये. इंग्रजाने जे केले नाही ते सुशोभीकरणाच्या नावाखाली आपल्या डोळ्यांदेखत होऊ नये. स्तंभ एक फूटही न हलवता तो खडकीच्या छावणीत नेऊन ठेवता येतो. परवान्यांची आणि कठड्यांची संख्या वाढवली की झाले. तसाच तो शिरूरच्या सत्पुरुषाजवळही नेता येतो. हार, उदबत्ती आणि मान्यवरांची अभिवादने वाढत जावीत आणि नावे वाचणारे कमी व्हावेत, एवढे पुरे आहे. हे दुसरे काम आपले विरोधक करणार नाहीत. ते आपल्याच हातून होण्याचा संभव अधिक आहे.

म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांपुढे एक काम ठेवावेसे वाटते. ती बावीस नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? माझ्या वर्गातील मुले दर वर्षी तेथे जाऊन येतात, स्तंभाबरोबर छायाचित्र काढतात, पण चौथऱ्याजवळ थांबून नावे वहीत उतरवून आणणारा विरळा. ती उतरवून आणावीत. मग पुढचा प्रश्न विचारावा, की हे लोक कोणत्या गावचे? पलटणींच्या दप्तरात, निवृत्तिवेतनाच्या कागदांत, वतनाच्या जुन्या नोंदींत आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात त्यांचा आणि त्यांच्या नंतरच्या शिपायांचा माग काढावा. पिंपळी, काटेवाडी, सणसर, कोणतेही गाव घ्या. पहिल्या महायुद्धात, दुसऱ्या महायुद्धात आपल्या वस्तीतून कोण गेले, कोण परत आले, कोण आले नाही, हे सांगणारी माणसे झपाट्याने जात आहेत. ती गेली की त्या नावांना दगडही नसेल आणि कागदही नसेल.

कोरेगावचा स्तंभ दुसरीकडे असता तर बहुधा आपल्याला सापडला नसता. तो सापडण्याजोग्या ठिकाणी राहिला हा योगायोग. तो शोधून आपला केला, हे कर्तृत्व. योगायोगावर आपला अधिकार नाही. कर्तृत्व मात्र प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते, आणि या पिढीच्या वाट्याला नावे लिहून काढण्याचे काम आले आहे.